अक्कांचे लघुपट आणि आपल्या कपाटातली रिळं
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यवाहांनी मला विषय दिला तो असा : ‘माहितीपट, दूरदर्शन आणि लघुपटाच्या दिग्दर्शकाची कारकीर्द’. आधी मला वाटलं, माझ्याच कारकिर्दीवर बोलायचं आहे. मनातून जरा सुखावलेही. मग लक्षात आलं की माझी कारकीर्द सांगायला सात मिनिटं पुरतील आणि महाप्रसाद साडेआठला आहे. तेव्हा मधला वेळ भरून काढायला मी माझ्यापेक्षा मोठी बाई निवडली आहे. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने तिचं काम पाहिलेलं आहे. नाव मात्र, मला खात्री आहे, पाच जणांनाही सांगता येणार नाही. हात वर करायला लावत नाही, घाबरू नका.

मी एकडालिया रस्त्याच्या आतल्या गल्लीत वाढले. बाबा विमा कंपनीत. १९६१ साली बदली होऊन आले ते तीन वर्षांसाठी, आणि इथलेच झाले. ९ ऑगस्ट १९७५ ला कोलकात्याचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं तेव्हा आमच्या इमारतीत एकच टीव्ही होता, तळमजल्यावरच्या माशीमांकडे. संध्याकाळी त्यांच्या खोलीत चपलांचा ढीग पडायचा. त्या टीव्हीवर पुढे कधीतरी एक छोटासा कार्टूनपट लागला. ताई लहान भावंडांना ‘एक’ म्हणजे काय आणि ‘अनेक’ म्हणजे काय ते समजावते आहे, मग पारध्याच्या जाळ्यात अडकलेले पक्षी, सगळे मिळून जाळ्यासकट उडतात... बघा, आता माना हलायला लागल्या. हो, तोच. ‘एक अनेक और एकता’. १९७४ सालचा, फिल्म्स डिव्हिजनचा, जेमतेम सात मिनिटांचा. आकृत्या आणि अॅनिमेशन भीमसेन यांचं, ज्यांनी पुढे ‘घरौंदा’ काढला. संगीत आपल्या वसंत देसाईंचं. गाणारा लहान मुलीचा आवाज साधना सरगमचा. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. आणि दिग्दर्शन विजया मुळे यांचं.

विजया मुळे. मुंबईत १९२१ च्या मे महिन्यात जन्मलेली मराठी मुलगी. चित्रपटाच्या दुनियेत सगळे त्यांना ‘अक्का’ म्हणत. मी त्यांना एकदाही भेटलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. आपल्याकडे मोठं माणूस गेलं की त्यांच्याशी चहा प्यालेल्यांची संख्या वाढते. मी प्यालेले नाही.

लग्न होऊन त्या पाटण्याला गेल्या. तिथे शिकल्या. १९४६ साली शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्राचा अभ्यास करायला गेल्या. १९४६ साल डोळ्यांसमोर आणा. महायुद्ध नुकतं संपलेलं, आणि ही पंचविशीतली बाई बोटीने निघाली आहे. लीड्सला त्यांना फिल्म सोसायटीचा नाद लागला. परत येऊन त्यांनी पाटण्यात फिल्म सोसायटी उभी करायला हात लावला, पुढे भारत सरकारच्या शिक्षण खात्यात नोकरीनिमित्त दिल्लीला गेल्या तर तिथेही तोच उद्योग. इकडे कोलकात्यात सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ सालीच सोसायटी काढली होती. १९५९ मध्ये या सगळ्या सोसायट्यांचा महासंघ झाला, त्याचे अध्यक्ष राय आणि जोडसचिव दोन : एक दासगुप्ता, दुसऱ्या विजया मुळे. म्हणजे ज्या सत्यजितबाबूंचं नाव घेताना आपण बालीगंजकर मान थोडी उंच करतो, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एक मराठी बाई बसलेली होती, आणि आपल्याला पत्ता नव्हता. आपण बर्गींच्या गोष्टीवरून बंगाल्यांचे टोमणे ऐकण्यातच दंग.

साठच्या दशकात त्या सेन्सॉर बोर्डात आल्या. आधी मुंबई, मग आपलं कोलकाता. आणि इथे, लोकांचे चित्रपट कापायच्या नोकरीत असताना, त्यांनी स्वतःचा पहिला चित्रपट केला. नाव ‘द टायडल बोअर’.

आता इथे मी थोडी थांबणार आहे, कारण माझ्या मते त्यांची सगळी कारकीर्द या एका निवडीत दिसते. विषय काय? हुगळीतला ‘बान’. बाबूघाटावर किंवा बागबाजारला ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको. आपल्या कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी कळते, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण कळतं. पण इथे नदीचं मुख नरसाळ्यासारखं. समुद्राचं उधाण त्यात शिरलं की पाण्याला पसरायला जागा उरत नाही, आणि मग पाण्याची एक भिंत उलट्या दिशेने, नदीच्या प्रवाहाविरुद्ध, धावत वर येते. पावसाळ्यात, भाद्रपदाच्या सुमाराला, तिचा जोर सगळ्यांत जास्त. म्हणजे साधारण आपल्या गणपतीच्या दिवसांतच. घाटावरचे लोक ओरडतात, आंघोळ करणारे पायऱ्या चढून वर पळतात, आणि नावाडी काय करतात? किनाऱ्याला नाव बांधून ठेवत नाहीत. उलट सोडून मधोमध नेतात. कारण काठावर लाट फुटते, मध्यात ती नावेला नुसती उचलून खाली ठेवते.

हे चित्रित करायचं म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातल्याला विचारा. १६ मिलिमीटरचं चारशे फुटी रीळ चालतं अकरा मिनिटं. लाट तुमच्यासमोरून जायला लागतात काही सेकंद. ती कधी येईल हे पंचांग सांगतं, पण मिनिट सांगत नाही. कॅमेरा लवकर सुरू केला तर रीळ संपतं, उशिरा केला तर लाट गेलेली असते, आणि ‘पुन्हा एकदा घ्या’ असं हुगळीला सांगता येत नाही. फिल्मला पैसे लागत. आज मोबाइलवर नातवाचा पाऊण तास वाढदिवस घेणाऱ्यांना हे सांगून पटत नाही. मोठ्या विषयावर मोठा चित्रपट काढणं त्या मानाने सोपं, असं माझं मत आहे. घाटावरच्या सगळ्यांना माहीत असलेली, दरवर्षी येणारी गोष्ट घ्यायची आणि तिच्यासाठी थांबायचं, हे अवघड. अक्का शिक्षिका होत्या, म्हणून त्यांना ते जमलं असावं. शिक्षकाला दरवर्षी तोच धडा नव्याने शिकवायचा असतो. तो चित्रपट पुढे फिल्म्स डिव्हिजनने घेतला आणि जर्मनीत मानहाइमच्या महोत्सवात गेला.

त्याच सुमारास, १९६८ च्या सुरुवातीला, फ्रेंच दिग्दर्शक लुई माल भारतात आला. सोबत एक कॅमेरामन आणि एक ध्वनिमुद्रक, बस. चार महिने हिंडला. त्यातून ‘कलकत्ता’ हा चित्रपट आणि ‘फँटम इंडिया’ ही सात भागांची दूरदर्शन मालिका झाली. अक्कांची आणि त्याची इथेच मैत्री जमली. ती मालिका १९७० साली बीबीसीने दाखवली तेव्हा आपलं सरकार इतकं रागावलं की बीबीसीचं दिल्लीतलं कार्यालयच बंद करायला लावलं. आमची गरिबी दाखवली म्हणून. या रागाबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि मी कोलकात्यात वाढलेली असल्याने मलाही तो ‘कलकत्ता’ पाहताना जरा टोचलंच. पण अक्कांनी काय केलं पाहा. त्या मित्राची बाजू घेऊन भांडल्या किंवा सरकारची बाजू घेऊन रुसल्या असं नाही, त्यांनी तो प्रश्नच पुढे अभ्यासाला घेतला. परक्यांच्या चित्रपटांत भारत कसा दिसतो, राजे-महाराजे, साधू-योगी, मग गांधी, आणि त्यापुढे काय, यावर इंग्रजीत जाडजूड पुस्तक लिहिलं. ते २०१० साली इथल्याच सीगल प्रकाशनाने काढलं. तेव्हा त्यांना नव्वदी टेकत होती. आपण साठीला ‘आता काय उरलं’ म्हणतो.

मधली वर्षं दूरदर्शनची. १ ऑगस्ट १९७५ पासून बरोबर एक वर्ष ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेने उपग्रह वापरायला दिला आणि बिहार, ओरिसा, राजस्थान, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक अशा सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचला. शाळेच्या छपरावर दहा फुटी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तबकडी. सकाळी दीड तास मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. ज्या मुलाने आगगाडी पाहिली नाही, सिनेमा पाहिला नाही, त्याच्यासमोर पहिल्यांदाच हलणारं चित्र येणार. त्याला काय दाखवायचं, किती सावकाश दाखवायचं? हे काम सेंटर फॉर एज्युकेशनल टेक्नॉलॉजीकडे होतं आणि त्याची धुरा अक्कांवर होती. या कामाला ना टाळ्या, ना पोस्टर. खेड्यातल्या त्या मुलाने दिग्दर्शकाचं नाव वाचायचा प्रश्नच नव्हता, त्याला अजून वाचताच येत नव्हतं.

दूरदर्शन म्हणजे दुय्यम, असं त्या काळी मोठ्या पडद्यावाल्यांचं मत होतं. सत्यजितबाबूंनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ केली तेव्हा ते जरा निवळलं. ओम पुरींच्या जोडीला त्यात स्मिता पाटील आणि मोहन आगाशे, म्हणजे आपले दोघे. आणि अक्कांची कन्या सुहासिनी, तिला तर मृणाल सेनांनी १९६९ च्या ‘भुवन शोम’मध्ये नायिका केलं होतं. पुढे तिनेही तपन बोस यांच्याबरोबर भागलपूरच्या अंध केलेल्या कैद्यांवर आणि भोपाळच्या वायुकांडावर माहितीपट केले. हे मी भराभर सांगते आहे, कारण घड्याळाकडे कार्यवाह बघायला लागले आहेत.

अक्का १९ मे २०१९ रोजी दिल्लीत गेल्या, ९८ पूर्ण करून तीन दिवसांनी. माहितीपटासाठीचा व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार त्यांना २००२ मध्ये मिळालेला होता. वर्तमानपत्रांत थोडं आलं. आणि मग मला पहिल्यांदा जाणवलं, की जो चित्रपट मी शंभरदा पाहिला, जो पाहून मला हे काम करावंसं वाटलं, त्याच्या श्रेयनामावलीकडे मी बरीच वर्षं बघितलंच नव्हतं. मी, जिला स्वतःचं नाव पडद्यावर दोन सेकंद कमी आलं तर झोप लागत नसे.

आता माझी सात मिनिटं.

मी टालीगंजला एका संकलकाच्या हाताखाली शिकले. दिवसभर फिल्मचे तुकडे जोडायचे, बोटांना डिंकाचा वास. बाबा विचारायचे, “तू नक्की करतेस काय गं?” मी सांगायचे, “लोकांनी जे काढलंय त्यातलं नको ते काढून टाकते.” ते म्हणायचे, “मग उरतं काय?” या प्रश्नाचं उत्तर मला अजून शोधावं लागतं आहे. पुढे मी स्वतः लघुपट केले, बहुतेक कुणा संस्थेसाठी, आरोग्य, पाणी, साक्षरता असे. मनासारखा म्हणावा असा एकच, १९९७ चा.

तो होता बडाबाजारातल्या आपल्या गलाईवाल्यांवर. इथे बसलेल्या कित्येकांची घरं त्या धंद्यावर उभी आहेत, त्यामुळे मी काय सांगणार? पण नव्या सुनांसाठी सांगते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, विटा, आटपाडी या दुष्काळी भागातली माणसं देशभर पांगली आणि सोन्या-चांदीची गलाई करू लागली. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा विकत घ्यायचा आणि त्यातून सोन्याचा कण काढायचा. अंधारी खोली, भट्टी, मूस, तेजाबाचा धूर. त्या खोलीत मी आठ दिवस कॅमेरा घेऊन बसले. एक वृद्ध कारागीर होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. फार कमी बोलायचे. आठव्या दिवशी आपणहून बोलायला लागले. बावीस मिनिटांचा माहितीपट झाला, जानेवारी १९९८ मध्ये एका खासगी वाहिनीवर एकदा लागला. झालं.

२०१९ च्या पावसाळ्यात, अक्का जाऊन दोन-तीन महिने झाले असतील, एक तरुण माझ्याकडे आला. तात्यांचा नातू. तात्या गेले तेव्हा तो तान्हा होता. म्हणाला, “मावशी, आजोबांचा आवाज तुमच्याकडे आहे असं आई म्हणते.”

माझ्याकडे नव्हता. मी त्या वाहिनीच्या जुन्या माणसांना शोधलं. वाहिनी कधीच बंद पडलेली. टेपा महाग असत, म्हणून कार्यक्रम लागून गेला की त्या पुसून पुन्हा वापरत, असं कळलं. करारात माझं नाव, विषय, कालावधी, सगळं व्यवस्थित आहे, कागद आजही माझ्याकडे आहे. चित्रपट नाही. अक्कांचा चित्रपट घरोघर राहिला आणि नाव गेलं. माझं नाव फाइलीत सुखरूप आहे.

मग आठवण झाली की शेजारच्या घोषबाबूंनी त्या रात्री व्हीएचएसवर तो ध्वनिमुद्रित, आपलं, चित्रमुद्रित केला होता. घोषबाबू नाहीत, पण कॅसेट माळ्यावर सापडली. वर बंगालीत माझं नाव, आणि खाली दुसऱ्या शाईत ‘शारजा’. मी काय समजायचं ते समजले. तरी लावली. नऊ मिनिटं माझा चित्रपट आहे. भट्टी, मूस, तात्यांचे हात. मग तात्या म्हणतात, “मी पहिल्यांदा हावड्याला उतरलो तवा...” आणि एकदम वाळूचं वादळ, आणि सचिन. एप्रिल १९९८, ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४३. तुम्ही हसताय, मीही हसले. घोषबाबूंच्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तीच कॅसेट घातली असती.

नातू हसला नाही. त्याने तेवढंच वाक्य चार वेळा मागे नेऊन ऐकलं. मग म्हणाला, “पुढचं मला माहीत आहे. घरी आजी सांगायची.” आणि त्याने सांगितलं. की तात्या उतरले तेव्हा त्यांच्याकडे पत्त्याची चिठ्ठी होती, ती पावसात भिजून अक्षरं गेली, मग ते पुलाच्या अलीकडे उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यात कुणाच्या डोक्यावर आपल्याकडचा फेटा दिसतो का ते बघत राहिले, दिवस मावळेपर्यंत. हे सगळं तात्यांनी मला कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं. मी ते संकलित केलं होतं, चार दिवस बसून. आणि मी ते पार विसरले होते. मी उठून मोबाइल आणला आणि नातवाला म्हटलं, पुन्हा सांग, खिडकीकडे तोंड करून. ते तेवढं माझ्याकडे आता आहे, तीन ठिकाणी उतरवून ठेवलेलं.

तर माझी एक विनंती आहे, आणि ती कार्यकारिणीला आधी विचारून करते आहे. आपल्या समितीच्या मागच्या खोलीत जे लोखंडी कपाट आहे त्यात उत्सवाच्या जुन्या कॅसेट आहेत, मी पाहिल्यात, आणि खालच्या खणात दोन डबे फिल्मचे आहेत. त्यात कोण आहे हे कुणालाच माहीत नाही. कोलकात्याच्या दमट हवेत त्यांचं काय होतं ते मला माहीत आहे. कुणाच्या घरी अशी रिळं असतील तर डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, ती कीड शेजारच्या रिळालाही लागते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर हौसेने लगेच लावून बघू नका. यंत्रही जाईल आणि कॅसेटही. कॅसेट उभी ठेवा, आडवी नको. आणि वर नावं लिहा हो! ‘गणपती’ एवढंच लिहिलेल्या सहा कॅसेट आहेत. कुठला गणपती, कुणाच्या घरचा, कुठलं साल?

विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी दहाला मी कपाटापाशी येते. किल्ली कार्यवाहांकडे आहे, त्यांनी देण्याचं कबूल केलं आहे. व्हीसीआर माझा. चालू आहे, फक्त मागे नेताना जरा कुरकुरतो. ज्येष्ठांपैकी दोघं-तिघं तरी या, कारण चेहरे दिसले तरी ओळखणार कोण? आणि येताना एखादी जुनी वही आणा, नावं लिहायला.

साडेआठ झाले. नमस्कार.